अर्धवट माळांचं पान

सोमवार, ३ नोव्हेंबर

ही डायरी बँकेनं दोन वर्षांमागं दिलेली, कोरीच पडून होती. वार जुळत नाहीत म्हणून छापलेला वार खोडून खरा वार लिहिते. नवी कशाला घ्यायची? हिशेबाची वही वेगळी आहे. तिच्यात मनातलं लिहिलं की बेरजा चुकतात, असा अनुभव आहे.

आज सिद्धेश्वराच्या देवळात नवस बोलून आले. श्रावणीची नोकरी पक्की होऊ दे, पाच लाख वेळा 'ॐ नमः शिवाय' करून तुझ्या पायाशी वाहते. श्रावणी आमची एकुलती एक. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत वर्षाच्या करारावर लागली आहे, काम घरूनच करते, माडीवरच्या खोलीत. महिनाअखेर करार संपतो. अठ्ठावीसला, शुक्रवारी, तिच्या वरिष्ठ राहतमॅडमना काम पुरं करून दाखवायचं. जमलं तर पक्की. नाही जमलं तर घरी. म्हणजे घरी आहेच, पण मग नुसती घरी.

लोक आधी मागतात, काम झालं की मग जप करतात. मला ते पटत नाही. अठ्ठावीसच्या आत पाच लाख पुरे करून टाकायचे, म्हणजे देवालाही पुढचं काम करायला बरं.

यांना सांगितलं तर हे म्हणाले, "पाच लाख? मोजायला देवाकडं माणूस हाय का?" पोस्टातून रिटायर झाल्यापासून हे असंच बोलतात.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

एकटीनं पाच लाख होणार नाहीत, म्हणून भजनी मंडळातल्या बायकांना गोळा केलं. मी धरून नऊ जणी. रोज सकाळी साडेसहा ते आठ, आमच्या पुढच्या खोलीत. एकशे आठ मण्यांची माळ शंभर धरायची, वरचे आठ चुकलंमाकलं म्हणून देवाचे. म्हणजे एकूण पाच हजार माळा.

सोजरबाईंनी बसायच्या आधीच विचारलं, "अगं अनसूया, पोरगी माडीवर दिवसभर करती तरी काय?"

मला नीट सांगता येईना. मग श्रावणीलाच खाली बोलावलं. ती म्हणाली, "मावशी, पुण्याला एक मोठी मशीन आहे. म्हणजे हजारो कॉम्प्युटर एकत्र जोडलेत. वर पाऊस झाला की भीमेला कुठं किती पाणी चढेल, याचं गणित तिच्यावर करतात. एकाच कॉम्प्युटरला दिलं तर महिना लागेल, तोवर पूर येऊन जाईल. म्हणून नदीच्या नकाशाचे बारीक चौकोन पाडायचे, थोडे थोडे सगळ्यांना वाटायचे, आणि आलेली उत्तरं एकत्र करायची. गणित शास्त्रज्ञ मांडतात. ते वाटून करून घ्यायचा प्रोग्राम मी लिहिते."

सोजरबाई म्हणाल्या, "म्हंजी मुकादम."

श्रावणी म्हणाली, "व्हय मावशी. मुकादमच."

दहावी-बारावी, चार वर्षं इंजिनीअरिंग, वर दोन वर्षं आणखी. मुकादम. पण बायकांना पटलं. आता त्या 'पोरीला मुकादमकीत पक्की कर' असंच म्हणून बसतात.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

आज श्रावणी दिवसभर पलंगावर पाय पसरून बसलेली. दोनदा बघून आले. तिसऱ्यांदा विचारलं, "काम नाही का?"

"रांगेत आहे, आई."

"पलंगावर?"

"मशीन एक, मागणारे शंभर. माझं काम तिथं पुण्यात रांगेत लागलंय. नंबर यायला अजून अकरा तास."

आमच्या वेळी रेशनच्या रांगेत पिशवी ठेवून घरी येऊन भाकरी थापून जायचो, तसंच झालं हे. ती म्हणाली, अगदी तसंच. मग माझं काही म्हणणं नाही. फक्त पिशवी पुण्यात उभी असताना इथं सोलापुरात पंखा कशाला, म्हणून बंद केला.

रविवार, ९ नोव्हेंबर

पोरगी जेवली नाही नीट. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही, सगळं तिच्या आवडीचं. डोळे सुजलेले.

खोदून विचारलं तेव्हा सांगितलं. पाऊस एकच, नदी एकच. तेच गणित सोळा कॉम्प्युटरना वाटलं तर बेरीज एक येते, पाचशेंना वाटलं तर दुसरी. फरक केसाएवढा. पण पुढचा हिशेब त्याच बेरजेवर चालतो, तिच्यावर आणखी पुढचा, आणि चौथ्या दिवसाला पाणी एकदा गावाच्या अलीकडं थांबतं, एकदा गावात शिरतं. "असा प्रोग्राम कोण वापरेल, आई? वीस दिवस झाले शोधतेय. राहतमॅडम म्हणाल्या, हे सुटलं नाही तर बाकीचं दाखवून उपयोग नाही."

मी म्हटलं, "सोळांत फरक नव्हता, पाचशेंत आला. म्हणजे नवीन भरतीतला कुणीतरी चोर आहे."

"कॉम्प्युटर चोरी करत नाहीत, आई."

नोकरी करणारा कुणी चोरी करतच नाही, असं मी तरी म्हणणार नाही. यांनी पोस्टातले किस्से काय कमी सांगितलेत?

बुधवार, १२ नोव्हेंबर

श्रावणीची वाटून घ्यायची पद्धत मला आवडली होती. नऊ जणींचे नऊ आकडे घेण्यात वेळ जातो, बायका एकदम बोलतात. म्हणून आज तीन-तीन जणींच्या तीन तुकड्या केल्या. प्रत्येक तुकडीनं आपला एकच आकडा सांगायचा.

काल नऊ जणींच्या मिळून १९३ माळा झाल्या होत्या. आज १९७.

बायका त्याच. वेळ तीच. मंत्र तोच, घड्याळ तेच. चार माळा आल्या कुठून?

गुरुवार, १३ नोव्हेंबर

आज पुन्हा तुकड्या मोडून एकेकीचा आकडा घेतला. १९३.

कुणीतरी तुकडीत बसलं की फुगवून सांगतंय. सोजरबाईंच्या तुकडीचा आकडा काल सगळ्यांत मोठा होता. देवाच्या कामात असं मनात आणू नये, पण आलं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

फार वाईट झालं.

पुन्हा तुकड्या केल्या आणि मी सोजरबाईंच्या समोर बसले. जप तोंडानं चालू, डोळे त्यांच्या बोटांवर. पाऊण तास त्यांनी सोसलं. मग माळ खाली ठेवली.

"माझ्या बोटाकडं काय बघती गं?"

"काही नाही. सहज."

"सहज न्हाय. मी पस्तीस साल विड्या वळल्या. हजारात एक कमी भरली असं एका मालकानं म्हणून दाखवावं! आणि तू महादेवाच्या नावात माझी मोजणी तपासती व्हय? तुझ्या पोरीसाठी बसले हितं, माझ्या न्हाय!"

बाकीच्या सात जणींचा जप आपोआप थांबला. मला वाटलं, धरणी दुभंगली तर बरं. सोजरबाई चपला घालून गेल्या. तिसऱ्या पायरीवरून परत येऊन आपली माळही घेऊन गेल्या, ते मला फार लागलं.

आजचा आकडा लिहिला नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर

सापडलं! आणि चोर कुणीच नाही.

सकाळी आठला माझा कुकर झाला. शिट्टी वाजली तशा सगळ्या उठल्या. रोजच उठतात. प्रत्येकीच्या हातात माळ, कुणाची पाव झालेली, कुणाची अर्धी, कुणाची पाऊण. ती ठेवून दिली आणि आकडा सांगितला. आपल्याकडं पूर्ण झालेली माळच सांगायचा रिवाज. अर्धवट माळ कोण सांगतं?

म्हणजे नऊ जणींच्या नऊ अर्धवट माळा रोज सांडतात. आणि तुकडी केली की तिघी आपसात म्हणतात, "तुझे चाळीस, माझे साठ, धर की एक." तिथं तीनच अर्धवट राहतात. जितक्या जास्त जणींत वाटावं, तितकं जास्त सांडतं. आणि मी सोजरबाईंना खोटं ठरवलं!

तेलाच्या बाटलीतलं शेवटचं तेल मी बाटली उलटी करून काढते आणि अकरा दिवस देवाचं नाव असं सांडू दिलं. आता वहीत वेगळं पान काढलंय. वर लिहिलंय, 'अर्धवट माळा'. प्रत्येकीनं पूर्ण माळाही सांगायच्या आणि वरचे मणीही. वरचे त्या पानावर. दुसऱ्या दिवशीच्या बेरजेत आधी ते जुने मणी धरायचे, मग नवे. ते आठ देवाचे, त्यांत हात घालायचा नाही. पण बाकी एक मणी वाया जाणार नाही.

दुपारी शेंगाच्या पोळ्या केल्या आणि सोजरबाईंकडं गेले. दार उघडून माझ्या हातातल्या डब्याकडं बघितलं.

"किती हायत?"

"सहा."

"मोजून घेऊ का?"

मी मान खाली घातली. त्यांनी डबा घेतला आणि म्हणाल्या, "ये आत, उन्हात उभी राहू नको."

रविवार, १६ नोव्हेंबर

आज जेवताना मी सगळी हकीकत सांगितली. तुकड्या करा नाहीतर एकेकटं बसा, नव्या पानामुळं बेरीज आता तीच येते, हेही सांगितलं. हे म्हणाले, "मण्यांचं पासबुक काढलंस म्हण की." ते सोडा.

पण श्रावणीचा घास हातातच राहिला. "परत सांग, आई."

परत सांगितलं.

"सांडलेलं तू कुठं ठेवतेस?"

"वेगळ्या पानावर."

"आणि पुढच्या बेरजेत आधी ते घालतेस?"

"मग? आधी जुनं संपवायचं, मग नवं काढायचं. पिठाचा डबा आपण तसाच वापरतो की."

ती ताटावरून उठली. हात न धुता, उष्ट्या हातानं, जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली. दार धाडकन लागलं.

पोरीची नोकरी टांगणीला आणि मी तिला दोनदा मण्यांच्या गोष्टी सांगत बसले. राग येणारच. पण या घरात अन्न टाकून उठण्याची पद्धत नाही. अर्धी भाकरी ताटात राहिली होती. मीच खाल्ली.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

श्रावणी परवापासून खोलीबाहेर येत नाही. चहा दाराशी ठेवते, कप रिकामा बाहेर येतो. आत गुणगुणणं ऐकू येतं.

यांना म्हटलं, पोरगी खचली. हे म्हणाले, "अगं, ती गातेय." म्हणूनच तर. दहावीत भूमितीचा पेपर अवघड गेला तेव्हा मीही आरती म्हणत घरी आले होते.

माझ्यावरचा तिचा राग अजून गेलेला नसावा. सकाळी मला बघून तिनं एकदम मिठी मारली आणि परत आत गेली. नवस वाढवावा का?

गुरुवार, २० नोव्हेंबर

मंडळातल्या दोघी लग्नाला टेंभुर्णीला गेल्या, त्या आता पुढच्या महिन्यातच येणार. सात जणींत १६६ माळा झाल्या. या चालीनं पाच हजार होत नाहीत.

श्रावणी खाली आली होती. वही बघून हसत म्हणाली, "आई, मशीनला सांगू का? पाच लाख वेळा 'ॐ नमः शिवाय' डोळ्याची पापणी लवायच्या आत करून देईल."

मी तिला रागावले. पण खोटं कशाला लिहू, संध्याकाळी मठात जाऊन स्वामींना विचारून आले. यंत्रानं केलेला जप धरतात का?

स्वामींनी डोळे मिटले. मला वाटलं शास्त्र आठवतायत. मग म्हणाले, "धरायला हरकत नाही, ताई. पण पुण्य यंत्राला लागेल. तुम्हाला काय उपयोग?"

खरंच की. आणि ते यंत्र सरकारी. सरकारला पुण्य मिळवून द्यायला माझा नवस कशाला?

सोमवार, २४ नोव्हेंबर

चार दिवस राहिले. आज वहीसमोर बसून असंही मनात आलं, की दोनचे तीन करून लिहावं. कोण बघतंय? लगेच कान धरले. पण देवाशी लबाडी करावीशी वाटली ती मला, पस्तीस वर्षं भाजीचा हिशेब न चुकवणारीला. पोरीपायी माणूस कुठं जाईल सांगता येत नाही.

श्रावणी पुन्हा रांगेत आहे. आज मी पंखा बंद केला नाही.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

सकाळच्या जपानंतर बेरीज ४,६३,२०० झाली. छत्तीस हजार आठशे कमी. देवाला अपुरं वाहून कामाला लावायचं.

अकराला राहतमॅडम आणि आणखी सात-आठ मोठी माणसं पडद्यावर आली. मी दाराआड उभी, पदराखाली माळ, जमतील तेवढे मणी ओढत होते. श्रावणीनं तोच पाऊस, तीच नदी घेतली. आधी आठ कॉम्प्युटरचं उत्तर दाखवलं. मोठा लांबलचक आकडा, पॉइंटच्या पुढं दहा-बारा घरं. मग सोळांचं. मग पाचशेबारांचं. मी दारातून वाकून एकेक अंक जुळवला. तिन्ही वेळा तोच आकडा.

महिनाभर राबून पोरीनं तीनदा तेच काढलं?

आणि पलीकडं टाळ्या! एक म्हातारे सर तर उभे राहिले.

राहतमॅडम म्हणाल्या, "सांडलेला अंश बाजूला ठेवून पुढच्या बेरजेत आधी घ्यायचा. श्रावणी, ही पद्धत पुस्तकात आहे, पण आपल्या प्रोग्राममध्ये नेमकं कुठं सांडतंय ते वर्षभर कुणाला दिसलं नाही. तुला कसं दिसलं?"

"आईनं दाखवलं, मॅडम."

पोरगी मोठ्या माणसांत आईचं नाव घेते, संस्कार दिसतात. पण मग मॅडमनी मला पुढंच बोलावलं. पदर नीट करून गेले. "नमस्कार ताई," त्या म्हणाल्या, "आम्हाला काही सांगा."

काय सांगणार? खरं ते सांगितलं. "तीनदा तेच उत्तर येणार होतं तर एकदाच काढायचं ना. केवढी वीज जाते."

सगळे इतके हसले की म्हाताऱ्या सरांचा आवाजच बंद करावा लागला. मी काही चुकीचं बोलले असं मला अजून वाटत नाही.

मग मॅडम म्हणाल्या, "श्रावणी, तू पक्की. कागद सोमवारी येईल."

हे जिन्यात उभे होते. त्यांनी चष्मा काढून पुसला, मग परत पुसला. विचारलं तर म्हणाले, धूळ फार झालीय.

आणि मग मॅडमचं पुढचं वाक्य. "पक्क्या लोकांना पुण्यात मशीनजवळच राहावं लागतं. कधी येतेस?"

मी सिद्धेश्वराला पक्की कर म्हणाले होते. कुठं, ते बोलायचंच राहून गेलं.

श्रावणीनं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "मॅडम, आईचा नवस आहे. थोडा जप बाकी आहे. तो फिटला की येते. तोवर इथूनच काम करते, चालेल?"

"नवस आहे तर फिटू दे. किती दिवस लागतील?"

"ते आईच सांगेल."

मी म्हटलं, "बघू."

शनिवार, २९ नोव्हेंबर

दिवसभर गल्लीत पेढे वाटले. जप राहिला.

रविवार, ३० नोव्हेंबर

पाहुणे होते. राहिला.

सोमवार, १ डिसेंबर

कागद आला. यांनी तो मोठ्यानं दोनदा वाचला, एकदा मराठीत करून.

साडेसहाला सोजरबाई पाचही बायकांना घेऊन हजर. "चला गं, बसा. अनसूया, छत्तीस हजार काय, तीन दिवसांत उडवू की! मी काल घरी बसून चाळीस माळा जास्तीच्या आणल्यात. लिही."

मी पेन उचललंच नाही. म्हटलं, "त्या तुमच्या नावावर असू द्या, सोजरबाई."

"माझ्या नावावर काय करू? नवस तुझा हाय."

"म्हणूनच. शेवटचा जप ज्याचा नवस त्यानंच करायचा असतो."

"असं कुटं लिवलंय?"

"असतं."

सोजरबाईंनी माझ्याकडं बघितलं, मग माडीकडं बघितलं. नंतर माळ पिशवीत टाकली आणि बायकांना म्हणाल्या, "उठा गं. हितलं काम संपलं. चहा तेवढा पिऊन जाऊ."

त्या गेल्यावर श्रावणी वही घेऊन बसली. "राहिल्या तीनशे अडुसष्ट माळा. रोज किती करशील?"

"चार तरी होतील. गुडघ्यानं एका जागी बसवत नाही हल्ली."

हे पेपरातून म्हणाले, "परवा-परवापर्यंत वीस-बावीस माळा करत होतीस, तेव्हा गुडघा कुणाचा होता?"

श्रावणी भागाकार करत होती. "ब्याण्णव दिवस. आई, होळी येईल."

"मग पुरणपोळी खाऊनच जा."

तिनं वही मिटून ठेवली आणि माझ्या मांडीवर डोकं टाकून पडली. मलाही उठता आलं नाही.

नवसात मी तारीख बोलले नव्हते. आठवून आठवून बघितलं. पक्की होऊ दे आणि पाच लाख वाहते, एवढंच. शब्द मोडलेला नाही. एकेक मणी होणार, एकही सुटणार नाही.

आज सोमवार, उपवास. अशक्तपणा वाटला. दोनच माळा झाल्या.